रडून गप्प होणे म्हणजे रुळणे नव्हे

जून महिना उजाडला आणि मृगाच्या सरी पडू लागल्या, की गावोगावच्या अंगणवाड्यांच्या व शहरांतील पाळणाघरांच्या दारांत एक ठराविक आकांत ऐकू येऊ लागतो. मूल आईच्या पदराला घट्ट धरून असते. आतून एक हात येतो, मूल ओढून घेतो आणि दार लागते. बाहेर उभ्या राहिलेल्या आईस धीर देण्यासाठी मग एक ठरलेले वाक्य उच्चारले जाते : 'जा तुम्ही निर्धास्त. चार दिवस रडेल, मग आपोआप गप्प होईल.' या वाक्यातील भविष्य बहुधा खरे ठरते. मूल खरोखरच गप्प होते. आणि ते गप्प झाले म्हणजे रुळले, असा निष्कर्ष काढून सगळेजण आपापल्या कामास लागतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे, त्यावर उभारलेली रीत निर्दय आहे, आणि ती बदलण्यास फारसा पैसा न लागता थोडी समजूत व थोडे दिवस पुरतात, एवढे प्रतिपादन करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहो.

हा विषय शहरातील चार सुखवस्तू कुटुंबांचा आहे, खेड्यापाड्यांस त्याचे काय, असे म्हणणारे पुष्कळ निघतील. त्यांनी दापोली तालुक्यातील बुरोंडीस एकदा जाऊन यावे. दापोलीहून समुद्राकडे उतरत गेले म्हणजे हे मासेमारीचे गाव लागते. परशुरामाचा भव्य पुतळा पाहून व समुद्रास नमस्कार करून प्रवासी परततात. खालच्या वाडीतील पहाट त्यांच्या दृष्टीस पडत नाही. पुरुष होडीवर जातो हे सर्वांस ठाऊक असते; परंतु आलेली मासळी निवडणे, वाळत घालणे, टोपलीत भरून बाजार गाठणे आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करून ती विकणे, हा व्यवसायाचा अर्धा भाग स्त्रियांच्या हाती असतो. मासळी कोणासाठी थांबत नाही. होडी किनाऱ्याला लागली, की बाईला निघालेच पाहिजे; मग मूल निजलेले असो, भुकेलेले असो, की तापाने फणफणलेले असो. हंगामात आंब्याच्या बागांत व काजूच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांची स्थितीही याहून निराळी नाही. तेव्हा मूल दुसऱ्याच्या हाती सोपविण्याचा प्रश्न बुरोंडीला शहराकडून आलेला नाही. तो तेथे समुद्राइतकाच जुना आहे.

'मग बायकांनी घरी बसावे, म्हणजे प्रश्नच मिटला,' असे सुचविणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारतो, की ज्या घरातील चूल बाईच्या टोपलीवर पेटते त्या घरास हा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा? पुस्तकी मातृत्वाचे गोडवे गाणे सोपे आहे. साने गुरुजींचे पालगड याच दापोली तालुक्यात आहे. 'श्यामची आई' हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून ते वाचून डोळे पुसले नाहीत असे सुशिक्षित मराठी घर विरळा. परंतु आईच्या प्रेमाने गहिवरणाऱ्या याच घरांत, मुलाने आईसाठी टाहो फोडला की ते लाडावल्याची खूण ठरते! आईचे प्रेम पवित्र आणि त्या प्रेमास मुलाने दिलेला प्रतिसाद मात्र वाईट सवय, हा न्याय कुठला? रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजीत नाही, असे आमचीच म्हण सांगते. रडणे हा बोलता न येणाऱ्या जिवाचा अर्ज आहे, हे पूर्वजांस कळत होते. तो अर्ज न वाचता फाडून टाकावा, हे शहाणपण अलीकडचे.

'आमच्या वेळी असली थेरे नव्हती. मुले आपोआप वाढली,' हा दुसरा नेहमीचा आक्षेप. आमच्या वेळी मुले आपोआप वाढली नाहीत. ती आजीच्या मांडीवर, आत्याच्या कडेवर, शेजारच्या काकूंच्या ओटीवर वाढली. एकत्र कुटुंबातील मूल आईखेरीज इतर चार माणसांचा वास, आवाज व स्पर्श जन्मल्या दिवसापासून ओळखू लागे. आई विहिरीवर गेली तर ते आजीपाशी राही. ती शेतावर गेली तर आत्यापाशी. आईपासून दूर होण्याचा अभ्यास त्यास घटकाघटकाने, ओळखीच्या माणसांत व ओळखीच्या छपराखाली घडत असे. त्या व्यवस्थेत दुसरे दोष होते, त्यांची वकिली आम्ही करीत नाही. परंतु मूल हळूहळू रुळविण्याची जी युक्ती तीत सहज साधत होती, तिला कोणी नाव दिले नव्हते म्हणून ती नव्हतीच असे समजणे अज्ञानाचे आहे. रत्नागिरी जिल्हा चाकरमान्यांचा. तेथून विरारला किंवा डोंबिवलीला गेलेल्या जोडप्याच्या दोन खोल्यांत आजी नसते, आत्या नसते. तेथे मूल आईच्या कुशीतून एकदम परक्या दालनात, परक्या बाईच्या हाती जाते. जुन्या काळी जे काम दोन वर्षांत होत असे, ते आम्ही एका सकाळी उरकू पाहतो. पी हळद आणि हो गोरी!

गप्प होणे आणि रुळणे यांतील भेद हा आमच्या प्रतिपादनाचा गाभा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. इंग्लंडात जेम्स रॉबर्टसन नावाच्या गृहस्थाने १९५२ साली एक बोलका पुरावा लोकांपुढे मांडला. आठ दिवसांसाठी इस्पितळात ठेवलेल्या अडीच वर्षांच्या आतील एका मुलीचे त्याने चलच्चित्र घेतले. त्या काळी इस्पितळांतून आईबापांस मुलाजवळ फार वेळ थांबू देत नसत. कारण काय, तर आई आली की मूल रडते, ती नसली की शांत असते. रॉबर्टसनने दाखवून दिले, की ही शांतता समाधानाची नाही. प्रथम मूल आक्रोश करते. त्याचा उपयोग होत नाही असे दिसल्यावर ते खिन्न होऊन बसते. आणि शेवटी ते आईकडेच पाठ फिरविते. परिचारिका ज्याला 'आता रुळले' म्हणत, ती वास्तविक आशा सोडल्याची अवस्था होती. या चित्रावर डॉक्टरमंडळी प्रथम संतापली. परंतु १९५९ साली तेथील सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांस मुलास मोकळेपणे भेटू द्यावे अशी शिफारस केली, आणि हळूहळू इस्पितळांची दारे उघडली. आमच्या पाळणाघरांची दारे ज्या युक्तिवादाने लावली जातात, तो युक्तिवाद इंग्लंडातील इस्पितळांत असा कधीच हरलेला आहे.

येथे कोणी म्हणेल, की आठ दिवसांचे इस्पितळ आणि चार तासांचे पाळणाघर यांची तुलना न्याय्य नव्हे. हा आक्षेप योग्य आहे. पाळणाघरातील मूल रोज घरी परतते, आई रोज भेटते. त्यामुळे तेथे इजा त्या प्रतीची होत नाही. पाळणाघर ही वाईट गोष्ट आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. चांगले पाळणाघर मुलास सोबती देते, खेळ देते, पोटभर अन्न देते. आमचा वाद उंबरठ्यापुरता आहे. त्या उंबरठ्याविषयीही आता पुरावा आहे. बर्लिन येथे लीझेलोटे आनर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सव्वा वर्षाच्या ७० मुलांची पाळणाघरात जाण्याच्या काळात पाहणी केली; ती २००४ साली प्रसिद्ध झाली. मन ताणाखाली आले म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. मुलांच्या लाळेतून त्याचे मोजमाप घेण्यात आले. आई जवळ होती त्या दिवसांत, आईशी विश्वासाचे नाते असलेल्या मुलांत हे द्रव्य पुष्कळ कमी आढळले. आई निघून जाऊ लागली तेव्हा मात्र ते पहिल्या तासाभरात घरच्या मानाने पाऊणपट ते दुप्पटीपर्यंत अधिक भरले. आणि वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे हे, की आईशी ज्यांचे नाते भक्कम होते तीच मुले वियोगाच्या दिवसांत अधिक रडली. म्हणजे दारात टाहो फोडणारे मूल बिघडलेले नसून, आपल्या माणसावर भरवसा ठेवणारे असते. ज्या मातांनी मुलास रुळविण्यास अधिक दिवस दिले, त्यांच्या मुलांचे आईशी असलेले नाते टिकले, किंबहुना कित्येकांचे सुधारले, असेही त्या पाहणीत दिसून आले.

अधिक दिवस द्यावयाचे ते कसे, याचीही एक रीत त्याच शहरात १९८० नंतरच्या दशकात बसविण्यात आली असून ती जर्मनीत सर्वत्र रूढ आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर पाळणाघरात तासभर बसतो; मुलास पुढे ढकलीत नाही, मागेही ओढीत नाही; नुसता तेथे असतो. या तीन दिवसांत मुलास सोडून जाण्याचा प्रयत्नही करावयाचा नाही. पाळणाघरातील एकच ठराविक बाई मुलाशी हलके हलके ओळख करून घेते. चौथ्या दिवशी आई मुलास सांगून थोडा वेळ बाहेर जाते. मूल रडले आणि त्या बाईने समजावल्यावर शांत झाले तर ही वेळ अर्ध्या तासापर्यंत वाढवितात. शांत झाले नाही तर आईस लगेच बोलावतात आणि पुढचा प्रयत्न काही दिवस लांबणीवर टाकतात. कोणा मुलास सहा दिवस पुरतात, कोणास दोन-तीन आठवडे लागतात. मूल रुळले हे केव्हा म्हणावयाचे? ते रडत नाही तेव्हा नव्हे. रडल्यावर त्या बाईच्या खांद्यावर डोके टेकून ते शांत होते तेव्हा. ही कसोटी इतकी साधी आहे, की कोणत्याही आजीने ती मान हलवून मान्य करावी.

यावर व्यवहारी मंडळी हसतील. 'जर्मनीचे जर्मनीत! आमच्या अंगणवाडीत एक सेविका, एक मदतनीस आणि खोलीभर मुले. तिने खिचडी पाहावी, वजने घ्यावी, नोंदी भराव्या, की एकेका पोराच्या आईस मांडी घालून बसवावे?' सेविकेवरील कामाचा बोजा आम्हांस ठाऊक आहे, आणि तो कमी झाला पाहिजे याविषयी दुमत नाही. परंतु हाच बोजा आमच्या बाजूचा पुरावा आहे. वीस मुले एकाच सकाळी दाखल केली, तर वीस आकांत एकदम उठतात. एकाचे रडणे ऐकून दुसरे रडते. आणि सेविकेचे पहिले पंधरा दिवस वाया जातात. तीच मुले दर आठवड्यास तीन-चार अशी घेतली, तर आधी रुळलेली मुलेच नव्यांस खेळात ओढतात. यास जादा खोली लागत नाही की जादा पगार लागत नाही. प्रवेशाच्या तारखा निराळ्या ठरवाव्या लागतात, एवढेच.

'पण आईने रोजगार बुडवून किती दिवस बसावे?' हा प्रश्न सर्वांत खरा आहे, आणि त्याचे उत्तर पुस्तकात न शोधता गावाच्या पंचांगात शोधावे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीस काढलेली असतात. बुरोंडीच्या घरांत त्या दोन महिन्यांत कामे नसतात असे नाही. परंतु पहाटेची धावपळ नसते, आणि वर्षातून याच काळात बाप घरी असतो. अंगणवाडीचे नवे वर्षही याच जूनमध्ये सुरू होते. निसर्गाने व कायद्याने मिळून हा सांधा आयता जुळवून दिला आहे. या दोन महिन्यांत वाडीतील नव्या मुलांस तीन-तीन, चार-चार करून रुळविले, तर नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातील तेव्हा आईच्या टोपलीस मुलाचे ओझे लागणार नाही. आईस जमत नसेल तर बापाने बसावे, तोही नसेल तर आजीने. मुलास जन्मदात्रीच हवी असा हट्ट नाही. त्याला ओळखीचे एक माणूस हवे.

हा विचार परदेशातून उसना आणावा लागतो, असेही नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सोबतीने भावनगर येथे बालशिक्षणाचे काम केले. तेथेच १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाई बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांस तेथेच येऊन मिळाल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांस दोष दिला नाही, आईबापांस अडाणी म्हटले नाही. मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाकडे जावे, असे म्हणून त्या वस्तीवर गेल्या, आणि मुलाच्या ओळखीच्या अंगणातच त्यांनी वर्ग मांडला. 'अंगणवाडी' या शब्दाचा मूळ अर्थ हा असा आहे. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविण्याचा प्रयोग झाला. लहान भावंडास कडेवर घेऊन घरी अडकलेली मुलगी त्यामुळे भावंडासह शाळेत येऊ शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. परका उंबरठा मुलाने एका दिवसात ओलांडावा अशी सक्ती न करता उंबरठाच मुलापर्यंत सरकविणे, हे त्या कार्याचे सूत्र होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. नाव पोहोचले, अंगण मात्र वाटेत गळाले.

मुलाबरोबर आईसही रुळावे लागते, ही गोष्ट आमच्याकडे कोणी बोलतच नाही. मूल आत रडत असते आणि आई भिंतीच्या आडोशास उभी असते. ती गेली तर कामावर तिचे लक्ष लागत नाही, थांबली तर बोलणी खावी लागतात. घरी सासू म्हणते, 'पोराला टाकून जाते'. पाळणाघरात सांगतात, 'तुम्हीच त्याला बिघडवले.' या दोन शब्दांच्या मध्ये सापडलेल्या आईची भीती मुलास स्पर्शातून कळते. म्हणून सेविकेने व पाळणाघरातील बाईने प्रथम आईशी ओळख करावी. मूल कसे निजते, काय खाते, कोणत्या नावाने हाक मारली म्हणजे हसते, हे आईस विचारावे. तिने मुलाविषयी सांगितलेले ऐकून घेतले, म्हणजे आपले मूल माणसाच्या हाती आहे अशी तिची खात्री पटते. आईनेही एक पथ्य पाळावे : मुलाची नजर चुकवून पळून जाऊ नये. पळून गेल्याने त्या दिवसाचे रडणे चुकते, परंतु आई केव्हाही नाहीशी होऊ शकते हा धडा मूल शिकते आणि दुसऱ्या दिवसापासून तिला क्षणभरही सोडीत नाही. 'मी जाते, जेवणाच्या वेळी येते,' असे सांगून जावे आणि त्याच वेळी यावे. मुलास घड्याळ कळत नाही, वचन कळते.

आणखी एक लहानशी गोष्ट. विनिकॉट या इंग्रज बालवैद्याने १९५१ साली असे मांडले, की मूल एखाद्या मऊ वस्तूस कवटाळून आईच्या नसण्याचा काळ निभावून नेते. आमच्या बायकांस हे त्याच्याआधी कळले असावे; जुन्या लुगड्यांची गोधडी शिवण्याचा रिवाज काही केवळ काटकसरीचा नाही. तरीही पुष्कळ पाळणाघरांत घरची वस्तू आत आणू देत नाहीत. त्यामुळे शिस्त मोडते म्हणे. ज्या शिस्तीस एका गोधडीचा धक्का सोसत नाही, ती शिस्त पोलादाची नसून काचेची असली पाहिजे!

आता सरकारकडे वळू. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातील भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. ५० किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी व आईस दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावे, असेही त्यात आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कलम राहिले. कायदा चांगला आहे. परंतु परक्या माणसाची भीती मुलास सातव्या-आठव्या महिन्यापासून वाटू लागते आणि पुढे वर्ष-दीड वर्षापर्यंत ती वाढत जाते. सहा महिन्यांची रजा संपते, आई आणखी दोन-तीन महिने कसेबसे काढते, आणि ज्या वयात वियोग सर्वांत जड जातो नेमके त्याच वयात मूल पाळणाघराच्या दारी येते. रजा आणि पाळणाघर यांच्यामध्ये दोन आठवड्यांचा अर्धवेळ कामाचा सांधा घालण्याचे कोणास सुचलेले नाही. आणि मासळी विकणाऱ्या बाईस तर मुळात रजाच नाही. ती कोणाच्या आस्थापनेत मोडते? अंगणवाडीस जोडून सहा महिन्यांपुढील मुलांसाठी पाळणाघर चालविण्याची 'पालना' योजना २०२२ पासून केंद्र सरकारने आखली आहे. ही पाळणाघरे किनाऱ्यावरील गावांत, होड्या लागण्याच्या वेळा पाहून उघडली गेली पाहिजेत. दहाला उघडणारे पाळणाघर पहाटे चारला निघणाऱ्या आईच्या काय कामाचे?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. मुले टप्प्याटप्प्याने दाखल करावी. पहिल्या आठवड्यात घरचे एक माणूस आत बसू द्यावे. एका मुलास एक ठराविक बाई नेमून द्यावी. घरची गोधडी आत येऊ द्यावी. नोकरीवर परतणाऱ्या आईस पहिले दोन आठवडे अर्धा दिवस सुटी असावी, आणि ती बापासही मागता यावी. यांतील पहिल्या चार गोष्टींस सरकारी ठरावाचीही वाट पाहावयास नको. येत्या जूनमध्ये कोणतीही सेविका, कोणतीही पाळणाघराची चालिका त्या आपल्या अधिकारात सुरू करू शकेल. सुज्ञ वाचकांपैकी ज्यांच्या घरी नातवंड पाळणाघरात जाण्याच्या वयाचे असेल, त्यांनी प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : 'पहिल्या दिवशी आम्हांस आत बसू द्याल काय?' उत्तर नकाराचे आले, तर पैसे खिशात ठेवून पुढचे दार पाहावे. असे दहा घरांनी केले, तर अकराव्या घरास तो प्रश्न विचारण्याची पाळी येणार नाही.